तुले नेमलं कोनं?

आमच्या समोरच्या खोलीत भिंतीवर केळझरच्या गणपतीचा फोटो आहे, मायचा फोटो आहे, आणि दोघांच्या मधात काचेच्या चौकटीत एक सरकारी कागद आहे. नव्या माणसाला वाटतं, सन्मानपत्र असेल. तो जवळ जाऊन वाचतो आणि मग माझ्या तोंडाकडे पाहतो. तो ठपका आहे. ठपका म्हणजे नोकरीतली शिक्षा. सगळ्यात लहान, पण शिक्षाच. ती मला झाली, खऱ्या गुन्ह्यासाठी झाली, आणि ज्या हाताला अधिकार होता त्याच हातानं झाली. असा कागद पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाच्या घरी असेल तर त्यानं आणून दाखवावा.

तो कागद मला ज्या माणसामुळे मिळाला त्याच्याबद्दल लिहायला बसलो आहे. मी चौथी पास. पाचवीत बसलो तेव्हा बापानं बैलामागे लावलं. चुकलंमाकलं असेल तर असू द्या, सुधारायला कोणाला देणार नाही.

खात्याचं नाव लिहीत नाही. पेन्शन अजून त्याच खात्याची खातो. त्या खात्याचं एक विश्रामगृह आमच्या गावाच्या शिवेवर होतं आणि मी त्याचा चौकीदार. किल्ल्या, बिछाने, आंघोळीचं पाणी, साहेब लोकांचा चहा, सगळं माझ्याकडे. ऑफिस तालुक्याच्या गावी, सायकलीनं तासाभराच्या वाटेवर. तिथे एक साहेब बसत, त्यांना तालुक्याचे साहेब म्हणू. त्यांच्यावर जिल्ह्याचे साहेब, वर्ध्याला. त्यांच्यावर नागपूरचे. एवढी उतरंड ध्यानात ठेवली म्हणजे पुढचं सगळं समजेल. बाबूंना तर ती उतरंड देवाच्या ठिकाणी होती.

बाबू म्हणजे ऑफिसातले क्लार्क. बडे बाबूची जागा रिकामी होती आणि ते काम यांच्याकडे प्रभारी म्हणून दिलेलं. सात वर्षं होतं. टेबलामागे बडे बाबूची वेताची खुर्ची होती, हातवाली, चांगली. ते तिच्यावर एक दिवस बसले नाहीत. बाजूला लाकडी स्टूल घेऊन, टेबलाच्या कोपऱ्यावर सगळा कारभार. नवा माणूस आला की आधी रिकाम्या खुर्चीलाच नमस्कार करायचा.

मी एकदा म्हटलं, "बाबूजी, बसा ना. खुर्ची का म्हनते तुमाले?"

"खुर्ची काई नाई म्हनत. आदेश म्हनते. तो आला नाई अजून."

"कंबर मोडून राह्यली तुमची."

"कंबर माह्यी हाये. खुर्ची नाई."

अंगानं वाळके, उंच, मानेवर एक मोठा मस. बारा महिने पांढरा पायजमा आणि वर तपकिरी रंगाचं जाकीट. मे महिन्यात वर्ध्याच्या उन्हात माणसाची चामडी निघते, तरी जाकीट अंगावर. डब्यात ज्वारीची भाकर आणि ठेचा. दुसरं काही आणलेलं मी पाहिलं नाही. आणि तोंडात एक प्रश्न. कोणी कोणावर रागावलं, कोणी कोणाला हाकललं, कोणी कोणाचा कान धरला, की बाबू मान तिरपी करून विचारत, "तुले नेमलं कोनं?"

त्यांचा हिशेब सोपा होता. ज्यानं नेमलं तो शिक्षा देईल. नाही तर त्याच्या वरचा देईल. नाही तर सरकारनं ज्याला तसं लिहून दिलं तो देईल. बाकी सगळ्यांनी गप बसावं. "शिव्या द्याले अधिकार लागत नाई," ते म्हणत, "सजा द्याले लागते."

ऑफिसात असतं तर ठीक. पण त्यांना हे सगळीकडे दिसायचं. आर्वीला एका लग्नात आम्ही सोबत गेलतो. नवरदेवाचा मामा वरण पातळ झालं म्हणून आचाऱ्याच्या अंगावर धावला. बाबू पंगतीतून उठून मधात उभे राहिले, हात खरकटाच.

"मामाजी, आचारी सांगितला कोनं?"

"नवरीच्या बापानं."

"मंग तुमी नवरदेवाच्या बापाले सांगा. तो नवरीच्या बापाले सांगीन. तो आचाऱ्याले सांगीन."

मामा तोंड उघडं टाकून पाहत राहिला. तेवढ्यात आचाऱ्यानं चुलीवरचं दुसरं वरण करपवून टाकलं. जळक्या वरणाच्या त्या पंगतीची आठवण लोकांनी पुढे पुष्कळ दिवस काढली, पण आचाऱ्याला मार बसला नाही हेही खरं.

आणि ऑफिसातला कुत्रा. एक लंगडा कुत्रा व्हरांड्यात येऊन राहिला. तालुक्याच्या साहेबांनी शिपायाला सांगितलं, हाकल. बाबू म्हणाले, आधी चौकशी करा, पहिली पोळी टाकली कोनं. ज्यानं टाकली तोच काढू शकते. साहेब हसले, म्हणाले, करा चौकशी. बाबूंनी खरंच केली. निघालं असं की पहिली पोळी जिल्ह्याच्या साहेबांनी टाकलेली, दौऱ्यावर आले तेव्हा, आपल्या डब्यातली. मग काय. तालुक्याच्या साहेबांपेक्षा मोठ्या हातानं नेमलेला कुत्रा. तो मरेपर्यंत त्या व्हरांड्यात राहिला आणि साहेब त्याला वळसा घालून जात.

लोक हसत. मीही हसलो आहे. माझ्यावर वेळ आली तेव्हा हसू गेलं.

आमच्या भागात हळद होते. माझ्या बायकोच्या माहेरचं अर्धा एकर तिच्याकडे आलं होतं, त्यात आम्ही हळद लावत होतो. हळद काढली की उकडावी लागते आणि उकडली की दहा-पंधरा दिवस कडक उन्हात वाळवावी लागते. आमच्या घरावर कवेलूंचं उतरतं छप्पर. विश्रामगृहाला सिमेंटची सपाट गच्ची. मी हळद तिथे वाळवत होतो, दर साली. त्या साली खाली अंथरायला पोती कमी पडली. कपाटात बिछान्याच्या चादरी होत्या, सरकारी, पांढऱ्या. तीन काढल्या. कोणी येणार नव्हतं.

आले. नागपूरचं तपासणी पथक अचानक आलं, त्यातला एक अधिकारी आमच्याकडे मुक्कामाला. मी चादरी झटकल्या, साध्या पाण्यानं धुतल्या, वाळवल्या. किंचित पिवळसर दिसत होत्या, पण जुन्या चादरी तशाही पिवळ्या दिसतात. अंथरल्या. साहेब जेवले, झोपले, काही बोलले नाहीत.

सकाळी त्यांनी पलंगावर बसून, स्टुलावर आरसा ठेवून दाढी सुरू केली. ब्रशाचा फेस चादरीवर पडला. हळदीला साबण लागला की ती कुंकवासारखी लाल होते, हे आमच्या घरच्या पोरींनाही माहीत आहे. त्या साहेबाला माहीत नव्हतं. त्यानं पाहिलं तर चादरीवर लाल थेंब. त्याला वाटलं गाल कापला. त्यानं चादरीचंच टोक उचलून फेसाचा गाल पुसला, तर टोक लाल झालं. आरशात पाहतो तर गालावर जखम नाही. त्याचा ड्रायव्हर धावत आला. ड्रायव्हर त्याच्याहून भित्रा. तो म्हणाला, "साहेब, करनी दिसते."

झालं. अर्ध्या दाढीनं तो अधिकारी गाडीत बसला आणि तालुक्याला गेला.

दुपारी मला बोलावणं. तालुक्याचे साहेब पुण्याकडचे होते, बोलणं धुतलेलं. पण त्या दिवशी चेहरा त्या चादरीसारखा लाल झालता.

"ह्या सरकारी चादरी आहेत की तुझ्या बापाच्या?"

बापाचं नाव घेतल्यावर मी बोलत नसतो.

"पाया पड त्या साहेबांच्या. आत्ता बोलावतो त्यांना. नाहीतर आजपासून निलंबित."

"चादरी म्याच अंथरल्या," मी म्हटलं. "धुऊन देतो. पाया पडत नाई."

आजही विचारलं तर तेच सांगेन. चूक केली ती माझ्या हातानं केली, मग डोकं कशाला वाकवू? साहेबांनी बाबूंना हाक मारली आणि निलंबनाचा आदेश टाईप करायला सांगितलं. माझी नोकरी त्या एका कागदाच्या अंतरावर होती. घरी दोन पोरी लग्नाच्या, पोरगा शाळेत, आणि आम्हा नवराबायकोला त्या किल्ल्यांशिवाय आधार नव्हता.

बाबू कागद न घेता उभे राहिले.

"साहेब, याले नेमलं कोनं?"

"बाबू, ही वेळ आहे का?"

"हेच वेळ हाये. नेमनूक कोनाच्या सहीची ते पाह्यलं पाहिजे. तुमची असन तर आता टाईप करतो. जिल्ह्याच्या साहेबाची असन तर तुमाले अधिकार नाई. तसं सरकारनं तुमाले लिहून देलं असन तर तो कागद दाखवा."

"मी या ऑफिसचा प्रमुख आहे."

"तुमी आहा ना. पन याचे नाई नेमनारे."

साहेब इतके चिडले की त्यांनी मशीन आपल्याकडे ओढलं आणि दोन बोटांनी आदेश स्वतः टाईप केला. सही ठोकली. बाबूंपुढे टाकला, जावक नंबर द्या म्हणाले. नंबर पडल्याशिवाय सरकारी कागद बाहेर जात नाही. मला वाटलं, बाबू आता रजिस्टर लपवतील. त्यांनी ते उघडलं, नंबर टाकला, तारीख टाकली.

"कागद आला की नंबर द्याच लागते," मला म्हणाले, जसा मी त्यांचा विद्यार्थी आहे. आणि मग शेऱ्याच्या रकान्यात, सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: 'नेमणूक कोणाची हे न तपासता काढलेला आदेश.' रजिस्टर फिरवून साहेबांसमोर ठेवलं.

साहेबांनी वाचलं. दोनदा वाचलं. जावकचं रजिस्टर फाडता येत नाही, त्याला पानांचे नंबर असतात, आणि नागपूरचं पथक अजून गावातच होतं. त्यांनी आदेश खिशात घातला. "दोन दिवस देतो," म्हणाले. "याची नेमणूक माझ्याच ऑफिसनं केलेली आहे. रोजंदारीवरचा माणूस. काढा शोधून."

बाहेर आल्यावर मी बाबूंचे हात धरायला गेलो. त्यांनी हात मागे घेतले.

"नेमनुकीचा आदेश आन."

आणला. घरच्या पत्र्याच्या पेटीत होता, चौदा-पंधरा वर्षं न पाहिलेला. पेटीला खालून वाळवी लागलेली. कागदाचा वरचा अर्धा भाग धड, माझं नाव, बापाचं नाव, जागा, पगार. खालचा अर्धा वाळवीनं खाल्ला. जिथं सही होती तिथं जाळी.

बाबूंनी ती जाळी उजेडाकडे धरून पाहिली. "वाळवीले सहीच काऊन आवडते, समजत नाई," म्हणाले. सेवापुस्तक काढलं तर पहिल्या पानावर आदेशाचा नंबर होता, पण नेमणाऱ्याच्या हुद्द्यावर शाई सांडलेली. आता मूळ प्रत फक्त जिल्ह्याच्या ऑफिसात, जुन्या गठ्ठ्यांत.

बाबूंनी रजेचा अर्ज लिहिला. स्वतःची रजा. ऑफिसच्या कामाला स्वतःची रजा कशाला, मी विचारलं.

"साहेबानं धाडलं नाई मले. आपल्या मनानं चाललो. मंग रजा माह्यीच लागन." अर्जाची घडी घालता घालता थांबले. "पन एक ध्यानात ठेवजो. त्या कागदावर तालुक्याच्या साहेबाची सही निघाली, तर तुह्या निलंबनाचा कागद मीच टाईप करीन. आन शेरा खोडीन."

"बाबूजी, तुमी माह्या बाजूनं आहा का त्यायच्या?"

"मी कोनाच्या बाजूनं नाई. ज्याचं त्याच्या हाती पाहिजे."

असा माणूस. बुडणाऱ्याला हात देताना, वर काढीन का बुडवीन ते तपासून सांगतो म्हणणारा.

ते दोन दिवस मी गच्चीवर हळद राखत बसलो. बायको जेवण घेऊन वर आली.

"जा ना, पडा पाया," ती म्हणाली. "पाया पडून मानूस बुटका होत नाई."

"होते."

"तुमची उंची घेऊन मी चुलीत घालू का? पोरीयचं काय?"

तिनं बसून हळकुंडं फिरवली, सगळी, एक एक करून, आणि खाली गेली. ती रडत होती असं मला नंतर पोरीनं सांगितलं. मी उठलो नाही. त्याचा मला अभिमान आहे असं नाही, पण उठलो नाही हे खरं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना बाबू बसमधून उतरले ते थेट विश्रामगृहावर. जाकिटावर, भुवयांवर, कानात सगळी धूळ, जुन्या गठ्ठ्यांची. पाणी मागितलं. तांब्याभर प्यायले. मी विचारलं नाही. विचारणार नव्हतो.

जाकिटाच्या आतल्या खिशातून त्यांनी कागद काढला. नक्कल होती, खाली 'खरी प्रत' म्हणून शिक्का.

"वाच," म्हणाले. "आपल्या तोंडानं वाच."

मी अक्षर अक्षर लावत वाचलं. खाली जिल्ह्याच्या साहेबांची सही. आत्ताचे नव्हेत, तेव्हाचे. पण जागा तीच.

"पूर्न सही हाये," बाबू म्हणाले. "करिता नाई."

हे समजून घ्या. मोठा साहेब नसला की कधी कधी खालचा माणूस त्याच्या नावानं सही ठोकतो आणि बाजूला 'करिता' लिहितो. बाबूंना त्या शब्दाची शिसारी होती. माझ्या कागदावर तो नव्हता. मी रोजंदारीवरून चढलेला, चौथी पास, बिछाने घालणारा माणूस. आणि जिल्ह्याच्या साहेबानं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या पेनानं, पूर्ण नाव लिहून मला नेमलेलं. मला हे पंधरा वर्षं माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी मी खरंच बोटभर उंच झालो.

"जितलो ना बाबूजी," मी म्हटलं.

"जितला कायचा? चाल, उद्या जिल्ह्याले."

"कायले?"

"चादरीवर हळद तुवाच वाळवली ना? गुन्हा हाये तो. तुह्यी मान ज्याच्या हाती हाये त्याच्याकडं जाऊ. म्या अहवाल लिहिला रातच्याले."

माणसानं माझ्यासाठी दोन दिवस धूळ खाल्ली आणि त्याच धुळीत बसून माझ्याविरुद्ध अहवाल लिहिला. मी दोन शिव्या दिल्या. त्यांनी ऐकून घेतल्या. शिव्यांना अधिकार लागत नाही.

जिल्ह्याच्या साहेबांनी आधी रीतीप्रमाणे लेखी खुलासा मागितला. दहा दिवसांत. मी बाबूंकडे गेलो, लिहून द्या म्हटलं.

"अहवाल माह्या होता, लिहिला. खुलासा तुह्या हाये, तू लिही."

मी लिहिला. चार दिवस लागले. जन्मात पहिल्यांदा पूर्ण पान लिहिलं. पोराच्या पाटीवर आधी, मग कागदावर. मला तोंडपाठ आहे: 'चादरी मी घेतल्या. विचारल्या नाही. करणी नाही, हळद आहे. साबण लावून पाहावा. गुन्हा कबूल आहे. पाया पडणार नाही.'

साहेबांनी बोलावलं तेव्हा तो कागद त्यांच्या समोर होता. वयानं माझ्यापेक्षा लहान, चष्मेवाले.

"गच्चीवर हळद दर साली वाळवत होतास?"

"जी."

"गच्ची सरकारची आहे, माहीत होतं?"

"माहीत होतं. गच्ची सरकारची, हळद माह्यी, ऊन देवाचं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. खूप वेळ पुसला. मग म्हणाले, तीन चादरी नव्या आणून दे, आणि ठपका देतो. त्यांनी पेन उघडून माझ्यासमोर सही केली. मी ती सही होताना पाहिली. नाव, आडनाव, खाली हुद्दा.

मग त्यांची नजर बाबूंकडे गेली.

"आणि तुम्ही? आपल्याच साहेबाच्या आदेशावर शेरा मारता? ही बेअदबी नाही?"

"असन," बाबू म्हणाले. "पन ते ठरवाचा अधिकार तुमाले नाई साहेब. माह्यी नेमनूक नागपूरची."

आणि झोळीतून दुसरा कागद काढला. तो त्यांनी घरूनच लिहून आणलता. नागपूरच्या साहेबांना अर्ज, जिल्ह्याच्या साहेबांमार्फत: मी अमुक दिवशी अमुक शेरा मारला, ती शिस्तभंगाची गोष्ट असल्यास माझ्यावर कार्यवाही व्हावी. स्वतःच्या विरुद्ध, रीतसर, खाली स्वतःची पूर्ण सही.

साहेबांनी तो कागद हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

नागपूरहून उत्तर आलं नाही. बाबूंनी स्मरणपत्रं दिली. मला मारा का सोडा, पण सांगा, म्हणून माणूस स्मरणपत्रं देतो हे तुम्ही कुठे ऐकलं का? सात वर्षं प्रभारी होते, पुढेही प्रभारीच राहिले. निवृत्तीच्या दिवशी तालुक्याच्या नव्या साहेबांनी हाताला धरून त्या वेताच्या खुर्चीकडे नेलं, निदान हार घालेपर्यंत बसा म्हणाले. बाबूंनी हार स्टुलावर बसून घेतला. खुर्चीच्या पाठीवर एक थाप मारली, शेजाऱ्याला मारतात तशी, आणि गेले. केळझरजवळ त्यांचं गाव होतं, तिथे.

दोन-अडीच वर्षांनी त्यांच्या नावाचं पत्र ऑफिसात आलं. नागपूरचं. मी म्हटलं, मी नेऊन देतो. सायकल मारत गेलो. ते अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. जाकीट अंगावर. हात पुसून पत्र उघडलं. मी मागून वाचलं, तोवर मला सरसर वाचता येऊ लागलं होतं. 'आपणाविरुद्ध कार्यवाही करण्याचे कारण दिसत नाही.'

"सुटले ना बाबूजी," मी म्हटलं.

"सोडलं कोनं ते पाह्य."

मी पाहिलं. सही होती, हुद्दा होता, आणि बाजूला बारीक अक्षरात 'करिता'.

त्यांनी माझ्याकडून पेन मागितला. पत्राच्या खालीच लिहिलं, 'सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने पाठवावे, ही विनंती.' घडी घालून माझ्या हातात दिलं.

"परत धाडजो. नंबर टाकून."

"बाबूजी, निर्दोष म्हनून राह्यले ते तुमाले. घ्या ना राजेहो, कोन पाह्यते."

"खालच्या हातानं देलेली माफी," ते म्हणाले, "पाया पडल्यासारखीच हाये. तुले तर समजाले पाहिजे."

मला समजलं. मी पत्र परत धाडलं. ते पुन्हा आलं नाही.

माझ्या निवृत्तीला ते आले होते, काठी टेकत. घरी जेवायला थांबले. मी पेटी उघडून नेमणुकीचा अर्धा कागद, त्याची खरी प्रत आणि ठपका दाखवला. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. त्यांनी ठपका बाहेर काढला, उजेडाकडे धरला, सही पाहिली.

"हे पेटीत ठेवू नको. वाळवी येते," म्हणाले. "भितीवर लाव."

"ठपका भितीवर? लोक का म्हनतीन?"

"लोकायले इचारजो, तुमाले कोनं नेमलं."

त्यांनी बायकोकडून खिळा मागून घेतला, पाट्यावरचा वरवंटा उचलला, आणि गणपती आणि मायच्या मधात स्वतःच्या हातानं ठोकला. तीन ठोके. बायको म्हणाली, "बाबूजी, द्या ह्यायच्या हाती, तुमचा हात कापते." त्यांनी दिला नाही. पुढच्या साली ते गेले.

आता त्या विश्रामगृहावर माझा पुतण्या आहे. कंत्राटावर. कंत्राट कुठल्या तरी एजन्सीचं, एजन्सी कुठली ते त्याला माहीत नाही. परवा फोनवर मेसेज आला, उद्यापासून येऊ नको. मी म्हटलं, सही कोणाची? तो म्हणाला, "मोठेबाबा, मेसेजले सही कुठं असते?" मग विचारलं, तुले नेमलं कोनं? तो बिचारा फोनमध्ये वर-खाली करत बसला. सापडलं नाही. मी त्याला त्या चौकटीसमोर उभं केलं आणि म्हटलं, पाह्य, अशी असते सही. त्यानं मान हलवली आणि कामाच्या शोधात निघून गेला. त्याला काढलं, पण काढणारा हात कोणाचा होता हे आमच्या घरात कोणालाच माहीत नाही. माझं तसं नव्हतं.

या दिवाळीला सुनेनं खोलीला रंग लावला. फोटो उतरवले, ठपका उतरवला. रंग वाळल्यावर म्हणाली, "मामाजी, पोराले पाहाले पाहुने येनार हायेत. हा तुमचा सजेचा कागद आतल्या खोलीत लावू का? खिळा काढून घेते."

मी म्हटलं, "खिळा ठोकला कोनं?"

"ते बाबूजीनं. सासूबाई सांगत होत्या."

"मंग काढाले त्यायले बोलाव. नाई तर त्यायच्या वरच्याले."

ती हसली. मग पदरानं काच पुसली आणि चौकट होती तिथेच लावली, जरा तिरपी. मी उठून सरळ केली.